‘एकदा तरी त्याला बाप होऊ दे’

प्रश्न : डॉक्टरताई, स.न.वि.वि. आमच्याकडे सिंबा नावाचा लॅब्रॅडॉर आहे. डिसेंबरात तीन वर्षांचा होईल, वजन ३८ किलो. दीड महिन्याचा असताना आणला, कागदपत्रं काही नाहीत. यंदा गौरीजेवणाच्या दिवशी पाहुण्यांच्या वर्दळीत फाटक उघडं राहिलं आणि तो गेला. दोन रात्री आला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी कॅनॉलच्या अंगाला सापडला. कान फाटलेला, मागच्या पायाला चावा. आमच्या डॉक्टरांनी टाके घातले, रेबीजची इंजेक्शनं सुरू केली आणि म्हणाले, आता न्यूटर करून टाका, म्हणजे वृषणं काढून टाका. तेव्हापासून घरात दोन तट पडलेत. मिस्टर म्हणतात, ‘एकदा तरी त्याला बाप होऊ दे, मग काय करायचं ते करा.’ सासूबाई म्हणतात, मुक्या जनावराला असं अर्धवट करणं पाप आहे. मुलगा आठवीत आहे, त्याला सिंबाचं पिल्लू हवंय. शेजारच्या कॉलनीत एकांकडे लॅबची मादी आहे. अजून चार वर्षांची व्हायची आहे, पाच वेळा व्याली आहे, सगळी पिल्लं हातोहात गेली. दिवाळीच्या सुमारास ती पुन्हा माजावर येईल. सिंबा दिला तर एक पिल्लू किंवा पाच हजार रुपये देऊ म्हणतात. मला स्वतःला भुलीची भीती वाटते, आणि नंतर तो उदास होईल याचीही. काय करू? — एक वाचक, कराड

उत्तर : ताई, सगळ्यात आधी रेबीजच्या इंजेक्शनांचं. जेवढे डोस लिहून दिलेत तेवढे ठरल्या तारखेला पूर्ण करा. जखम भरली, कुत्रं हसतंखेळतं झालं, की पुढचे डोस राहून जातात. तसं होऊ देऊ नका. बाकीचा निर्णय त्याच्यानंतर आला तरी चालेल.

आता माझं मत सरळ सांगते. सिंबाला त्या मादीकडे नेऊ नका. आणि त्याला न्यूटर करून घ्या. पण दिवाळीच्या धांदलीत नको, फटाके संपू देत, दोन तपासण्या होऊ देत. असं का म्हणते, ते सविस्तर सांगते, कारण तुमच्या घरातल्या चौघांची चार म्हणणी आहेत आणि त्यातलं एकही मला टाकाऊ वाटत नाही.

भाद्रपद म्हणजे कुत्र्यांचा महिना हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पाळीव मादी साधारण वर्षातून दोनदा, कुठल्याही ऋतूत माजावर येते. पण आपल्या गल्लीतल्या बहुतेक माद्या पावसाळा सरताना येतात आणि थंडीत पिल्लं घालतात. त्या दिवसांत माझ्या दवाखान्यात ओळीनं नर येतात. फाटलेले कान, पंजे, रस्त्यावर गाडीखाली आलेले. सिंबा त्यातून कान आणि पायावर सुटला. तो दोन रात्री कुठे होता, हे तुम्हाला आणि मला कळणार नाही, म्हणून पुढचे सहा महिने एक काम करा. दर आठवड्याला त्याला उताणा झोपवून लिंगाची खोळ हलक्या हातानं मागे सारून बघा. सकाळी थोडा पिवळट चिकट स्राव दिसणं नरात नेहमीचं आहे. पण रक्ताचे थेंब, फरशीवर ठिपके, किंवा फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी लालसर गाठ दिसली, तर लगेच डॉक्टर गाठा. आम्ही त्याला टीव्हीटी म्हणतो. हा कॅन्सर आहे, आणि तो एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे चक्क लागतो, समागमातून, हुंगण्या-चाटण्यातून. एका रशियन पशुवैद्यानं १८७६ साली तो एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजवून दाखवला होता. पुढे पेशींच्या अभ्यासातून कळलं, की जगभरातल्या कुत्र्यांतली ही गाठ हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्याच्या पेशींची वंशज आहे. तो कुत्रा कधीच मेला, त्याच्या पेशी मात्र आपल्या गल्लीत जिवंत आहेत. घाबरू नका, व्हिन्क्रिस्टीनची इंजेक्शनं आठवड्याला एक अशी काही आठवडे दिली की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. पण गाठ लवकर दिसली पाहिजे, आणि ती आपोआप दिसत नाही, बघावी लागते.

आता तुमच्या मिस्टरांचं वाक्य. मी गेली सत्तावीस वर्षं ते ऐकते आहे, आणि म्हणणारी माणसं नेहमी प्रेमळ असतात. आपल्याला जे सुखाचं वाटतं ते त्यालाही मिळावं, एवढंच त्यांच्या मनात असतं. म्हणून त्यांना माझ्या वतीनं हे वाचून दाखवा. कुत्र्याच्या नराला बाप होण्याची आस नसते. त्याला मादीचा वास येतो तेव्हा ओढ लागते, आणि ती ओढ खरी असते, जबर असते. आठ-आठ दिवस जेवत नाही, दाराशी बसून कण्हतो, वजन उतरतं. ते दुःख मी नाकारत नाही. पण ते एका समागमानं भागत नाही. माझ्या पाहण्यात तरी एकदा मादी दाखवलेला नर पुढच्या खेपेला जास्त बेचैन होतो, घरात जास्त टांग वर करतो, भिंत चढून जायला शिकतो. आणि पिल्लं? घरातल्या नरासमोर त्याची पिल्लं मी कितीदा तरी ठेवली आहेत. ती आपली आहेत हे त्याला उमगल्याची एकही खूण मला दिसलेली नाही. काही हुंगून बाजूला होतात, काही खेळतात, काही गुरगुरतात. ‘बाप’ हा शब्द आपला आहे.

त्या व्यवहारात एक आई मात्र नक्की आहे. तुमच्या पत्रात तिच्याविषयी जेमतेम दोन ओळी आहेत, आणि मी त्यांच्यापाशीच थांबले. चार वर्षांची व्हायची आहे, पाच वेळा व्याली आहे. मी कागदावर गणित मांडलं. दीड वर्षाची होईपर्यंत मादीला लावूच नये; हाडामासानं ती तोवर पोरच असते. दीड वर्षानंतर ही पहिल्यांदा लावली असं धरलं, तर दीड, दोन, अडीच, तीन, साडेतीन. पाच वेतं होतात. म्हणजे तिचा एकही माज मोकळा गेलेला नाही. दोन महिने पोटात, जवळजवळ दोन महिने अंगावर, मग दोन महिन्यांत अंग भरतं न भरतं तोच पुन्हा नर. लॅब एका वेताला सहा-आठ पिल्लं सहज घालते. तिच्या हाडांतलं कॅल्शियम, तिचं रक्त, तिची झोप कुठून येत असेल? आणि मधलं एखादं वेत चुकलं असेल, तर मग ती दीड वर्षाच्या आधीच लावली गेली. दोन्हीपैकी काहीही खरं असलं तरी मला ते सोसवत नाही. कुत्र्यांच्या पैदाशीबद्दल २०१७ साली केंद्राचे नियम आले आहेत. पैदास करणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी, मादी किमान १८ महिन्यांची असावी, आयुष्यात पाचाहून जास्त वेतं घेऊ नयेत, आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकू नये, असं त्यांत स्पष्ट आहे. दिवाळीतलं हे सहावं वेत असेल. तुमचा सिंबाही दीड महिन्याचा आला, म्हणजे सहा आठवड्यांचा. त्यात तुमचा दोष नाही, आपल्याकडे असंच चालत आलं आहे. पण आता तुम्हाला कळलं आहे, आणि आता सिंबाचं फाटक तुमच्या हातात आहे.

मी हे वरच्या पायरीवरून सांगत नाही. २००१ साली माझ्याकडे राजा नावाचा काळा लॅब होता. दोन वर्षांचा, घोड्यासारखा पळायचा. नव्यानं दवाखाना टाकला होता. एका ओळखीच्या घरची मादी आली, त्यांनी विचारलं, मी हो म्हटलं. एक्स-रे काढावा हे मला शिकवलेलं होतं. माझ्याकडे मशीन नव्हतं, न्यायचं तर दूर न्यावं लागणार होतं, आणि राजा इतका छान पळत होता की मी नेलं नाही. आठ पिल्लं झाली. आम्ही पेढे वाटले. अकरा महिन्यांनी एक शेतकरी काळं कुत्रं हातांवर उचलून घेऊन आला. मागचे पाय टाकताच येत नव्हते, उठताना ओरडायचं. छातीवर पांढरा ठिपका होता, राजाच्या छातीवर होता तसाच, त्याच जागी. मी त्याला विचारलं नाही कुठून आणलं म्हणून. मला दिसतच होतं. दोन्ही खुब्यांच्या वाट्या उथळ होत्या, मांडीच्या हाडाचं डोकं त्यांत बसतच नव्हतं. आठांपैकी तीन पिल्लं कुठे गेली ते मला माहीत होतं, बाकी पाचांचा पत्ता कधीच लागला नाही. पुढे राजा स्वतः सहा वर्षांचा झाला तेव्हा लंगडू लागला, आणि तेव्हा त्याचा एक्स-रे काढला. जे २००१ मध्ये दिसायला हवं होतं ते त्यात दिसलं.

म्हणून ‘आमचं कुत्रं एकदम ठणठणीत आहे’ यावर मी आता विश्वास ठेवत नाही. खुब्याचा हा दोष एका जनुकाचा नसतो, अनेक जनुकांचा मिळून असतो, आणि तरुण, कसदार मांडीचा लॅब तो वर्षानुवर्षं झाकून ठेवू शकतो. तुम्हाला खरोखर पैदास करायची असती तर मी सांगितलं असतं, की दोन वर्षं पूर्ण झाल्यावर गुंगीत खुब्यांचे आणि कोपरांचे एक्स-रे काढा, डोळे तपासा, लॅबमध्ये पडद्याचा आंधळेपणा आणि धावताना पाय गळून पडण्याचा आजार वंशानं येतो त्यांच्या जनुकीय चाचण्या करा, नर-मादी दोघांची ब्रुसेलासाठी रक्ततपासणी करा. हा ब्रुसेला गर्भपात घडवतो आणि माणसांनाही लागू शकतो. मादीचं वय, तिची वेतं, तिचा स्वभाव बघा. आणि होणाऱ्या प्रत्येक पिल्लाचं घर आधी ठरवा, म्हणजे ‘कुणीतरी घेईलच’ असं नव्हे, नाव-गाव लिहून. एवढं सगळं करणारी माणसं आपल्याकडे आहेत. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. सिंबाचे आईबाप कोण, ते कसे मेले, हे मात्र कुणालाच माहीत नाही. ‘हातोहात गेली’ याचा अर्थही एकदा त्या गृहस्थांना विचारून बघा. पाच वेतांतली तीस-पस्तीस पिल्लं आज कुठे आहेत? माझ्या तालुक्यात गेल्या हिवाळ्यात दोन लॅब उसाच्या फडाशी सोडलेले मिळाले. दोन्ही वर्ष-दीड वर्षाचे, गळ्यात पट्ट्याचा वण.

सासूबाईंशी बोलताना कृपा करून ‘तुम्हाला काय कळतं’ असं घरात कुणी म्हणू नका. त्यांच्या पिढीनं खोंड बडवताना पाहिले आहेत. बांधून, पाडून, शुद्धीवर असताना. तो आवाज कानांत राहतो. माझ्या आईच्याही कानांत होता. त्यांना सांगा, हे तसं नाही. सिंबाला आधी गुंगीचं इंजेक्शन, मग पूर्ण भूल, घशात श्वासाची नळी, शिरेत सलाइन. वृषणाच्या पिशवीच्या किंचित पुढे एक छोटी चीर, तिथून दोन्ही वृषणं काढून रक्तवाहिन्या घट्ट बांधतात. पिशवी तशीच राहते, काही आठवड्यांत आक्रसते. अनुभवी हाताला याला फार वेळ लागत नाही. वेदनेचं औषध तो जागा होण्याआधीच दिलेलं असतं. शक्य असेल तर सासूबाईंना संध्याकाळी त्याला न्यायला सोबत घेऊन जा. तो धडपडत का होईना, शेपूट हलवत त्यांच्याकडे येईल, तेव्हा माझ्या शब्दांपेक्षा ते जास्त उपयोगी पडेल. पापपुण्याचं त्यांचं त्या ठरवोत. माझ्या मनात पाप म्हणून राहिलेलं एकच आहे, ते वर लिहिलं आहे.

भुलीची तुमची भीती रास्त आहे. भूल म्हणजे जोखीम असतेच, ती शून्य आहे असं सांगणाऱ्याकडे जाऊ नका. ती कमी करता येते. आधी रक्ततपासणी करा, त्यात यकृत, मूत्रपिंड आणि प्लेटलेट. आपल्या भागात गोचीड-तापाचे जंतू कुत्र्याच्या अंगात महिनोन् महिने गुपचूप बसलेले असतात आणि प्लेटलेट खाली आणतात. असं कुत्रं बाहेरून धडधाकट दिसतं आणि टेबलावर रक्त थांबत नाही. सिंबा दोन रात्री कॅनॉलकाठच्या गवतात होता, म्हणून त्याची ही तपासणी मी टाळणार नाही. तापाचे जंतू सापडले तर आधी महिनाभर उपचार, मग शस्त्रक्रिया. डॉक्टरांना विचारा, भूल देताना श्वासाची नळी घालता का, शिरेची सुई लावून ठेवता का, कुत्रं पूर्ण जागं होईपर्यंत कोण शेजारी बसतं? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही. आदल्या रात्री नऊनंतर खायला काही नाही, बिस्किटाचा तुकडासुद्धा नाही. पाणी सकाळपर्यंत चालेल.

घरी आणल्यावर दहा ते चौदा दिवस गळ्यात ती प्लॅस्टिकची शंकूसारखी कॉलर घालावी लागते, म्हणजे तोंड टाक्यांपर्यंत पोचत नाही. तो दारांना आपटेल, केविलवाणा बघेल, आणि घरातलं कुणीतरी दुसऱ्या दिवशी दया येऊन ती काढेल. काढू नका. टाके तोंडानं उसवलेले कुत्रे मी रात्री अकराला पुन्हा शिवलेले आहेत. आंघोळ नाही, जिने नाहीत, पट्ट्याला धरून लघवीपुरतं बाहेर. थोडी सूज येते, निळसर डाग पडतो. पण पिशवी लिंबाएवढी फुगली, रक्त टपकत राहिलं, दुसऱ्या दिवशीही जेवला नाही, तर वाट बघू नका. आणि घरातली माणसांची दुखण्याची गोळी, विशेषतः आयबुप्रोफेनची, कधीही देऊ नका. ती कुत्र्याच्या पोटात आणि मूत्रपिंडात घात करते.

उदास होईल का? पहिले दोन-तीन दिवस मलूल असेल, ते भुलीचं आणि दुखण्याचं. पुढे सिंबा सिंबाच राहतो. दारावर कुणी आलं की भुंकेल, राखण करेल, तुमच्या मुलाच्या अंगावर उड्या मारेल. बदलतं ते असं, की बाहेर पळण्याची ओढ बहुतेकांत खूप कमी होते, घरात जागोजाग मुतणं, पाहुण्यांच्या पायाला बिलगणं, दुसऱ्या नरांशी भांडणं कमी होतात. म्हातारपणी प्रोस्टेट वाढून शौचाला-लघवीला कुंथावं लागतं, शेपटीखाली गाठी येतात, तो त्रास जवळजवळ टळतो. वृषणाचा कॅन्सर तर उरतच नाही. मात्र हार्मोन ओसरायला वेळ लागतो, म्हणून परिणाम दिसायला काही आठवडे जातील, आणि साधारण महिना-दीड महिना तो अजून मादीला गाभण ठेवू शकतो हे लक्षात ठेवा. भीतीनं चावणारं कुत्रं न्यूटर केल्यानं सुधारत नाही, कधीकधी आणखी बुजतं. तुमचा सिंबा पत्रावरून तसा वाटत नाही, पण कुणी ‘राग कमी होईल’ म्हणून सुचवलं तर हे विचारात घ्या.

दुसरी बाजूही सांगायला हवी. या हार्मोनांचा हाडांशी संबंध असतो. वाढ थांबायच्या आधीच ती काढली तर हाडं जरा जास्त लांब वाढतात आणि सांध्यांवर ताण येतो. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये गोल्डन रिट्रीव्हरांवर आणि २०२० मध्ये ३५ जातींवर जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात फार लवकर न्यूटर केलेल्या मोठ्या जातींत सांध्यांचे आजार जास्त दिसले. काही कॅन्सरांबद्दलही अभ्यासकांत मतभेद आहेत. म्हणून सहा महिन्यांचा लॅब माझ्याकडे आला तर मी परत पाठवते, दीड वर्षाचा झाल्यावर या म्हणते. सिंबा तीन वर्षांचा आहे, त्याची वाढ केव्हाच झाली. त्याच्यासाठी ती भीती मागे पडली.

आणि वजन. न्यूटर झाल्यावर शरीराला लागणारं अन्न साधारण पाव हिश्शानं कमी होतं, भूक मात्र वाढते. त्यात हा लॅब. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं, की बऱ्याच लॅब्रॅडॉरांत एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो, त्यामुळे पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचत नाही. म्हणजे तो अधाशी नाही, त्याला खरंच भूक लागलेली वाटते. ३८ किलो हे आताच काठावर आहे. शस्त्रक्रियेनंतर टाके काढायच्या दिवसापासून वाटी मोजून द्या, चपातीचे तुकडे आणि चहातली बिस्किटं बंद, दर पंधरा दिवसांनी वजन. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हाताला लागाव्यात. सिंबाच्या खुब्यांसाठीही हेच सगळ्यात मोठं औषध आहे. भूल द्यायचीच आहे तर त्याच वेळी खुब्यांचा एक्स-रे काढून घ्या, असं मी सुचवेन. पैदाशीसाठी नव्हे, त्याच्या पुढच्या दहा वर्षांसाठी.

हे सगळं नकोच असं घरात ठरलं, तर तिसरा मार्ग आहे. न्यूटर नाही आणि मादीही नाही. त्यात काही चूक नाही. फक्त फाटकाला आतून स्प्रिंगची कडी, भाद्रपदात दोन दारं, बाहेर नेताना नेहमी पट्टा, आणि हे आणखी आठ-दहा वर्षं, पाहुणे असोत नसोत. तुमच्या घरी गौरी बसतात, माणसं येतात-जातात. ते निभेल का, हे तुम्हीच ठरवू शकता.

मुलाला दुसरं कुत्रं हवं असेल तर थंडीत गल्लीत पिल्लं होतील. त्यातलं एक, आईचं दूध सुटल्यावर, दोन महिन्यांनंतर. ते सिंबाचं असण्याचीही शक्यता आहेच. गौरीच्या त्या दोन रात्री मी विसरलेले नाही.

प्रश्न : माझा जर्मन शेफर्ड दहा महिन्यांचा आहे. एकच गोळी, म्हणजे वृषण, खाली आहे, दुसरी हाताला लागत नाही. ज्यांच्याकडून घेतला ते म्हणतात, मोठा झाला की उतरेल, आणि एकीवरही पिल्लं होतात. — बार्शी

उत्तर : पिल्लं होतात हे खरं, आणि तेच वाईट आहे. वृषणं साधारण दोन महिन्यांच्या वयापर्यंत खाली येतात, फार तर सहा महिने वाट बघावी. दहाव्या महिन्यात ते आता येणार नाही. हा दोष वंशानं उतरतो, म्हणून या कुत्र्याला कुठल्याही मादीकडे देऊ नका, कितीही देखणा असला तरी.

वर राहिलेलं वृषण पोटात असेल किंवा जांघेत. तिथल्या उष्णतेनं त्यात गाठ होण्याची शक्यता खाली उतरलेल्या वृषणापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते. ते पिळवटलं तर अचानक पोटात भयंकर दुखतं. यातल्या एका गाठीतून मादीचं हार्मोन झरतं. मग नराचे स्तनाग्र फुगतात, दोन्ही कुशींवरचे केस जातात, दुसरे नर त्याच्या मागे लागतात. एका म्हाताऱ्या शेफर्डला वर्षभर खरजेचं मलम लावून शेवटी माझ्याकडे आणलं होतं. पिशवीत एकच गोळी आहे हे कुणी हात लावून पाहिलंच नव्हतं.

दोन्ही वृषणं काढायची. शेफर्डची हाडं उशिरा पक्की होतात आणि या गाठी सहसा मध्यम वयात येतात, म्हणून मी घाई करत नाही, दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान करते. आधी सोनोग्राफी करून ते कुठे आहे हे बघून घ्या. पोटात असेल तर शस्त्रक्रिया नेहमीपेक्षा मोठी असते, म्हणून ज्यांनी अशा केल्या आहेत त्यांच्याकडेच जा.

प्रश्न : जत तालुक्यात आमचं रान आहे. तीन पिढ्यांपासून कारवान कुत्री पाळतो. आत्ताचा नर चार वर्षांचा, रानात राखणीला असतो, अंगानं चांगला. शहरातला पुतण्या म्हणतो, काका, ऑपरेशन करून टाका. मन होत नाही. — जत

उत्तर : मलाही होत नाही. पहिल्या पत्राचं उत्तर वाचून तुम्हाला वाटेल, बाई सगळ्यांनाच नको म्हणते. तुमचं प्रकरण वेगळं आहे. कारवान ही आपल्या मातीतली जात आहे, मुधोळच्या नावानं ती कर्नाटकात नावारूपाला आली. मुधोळजवळ तिम्मापूरला तिच्यासाठी सरकारी केंद्र आहे, २००५ साली तिचं टपाल तिकीट निघालं, पुढे लष्करानंही ही कुत्री घेऊन पाहिली. तुम्हाला त्याची आई माहीत आहे, आजी माहीत आहे, कोण किती जगलं हे माहीत आहे. सिंबाच्या घरी हेच नव्हतं.

तरी दोन गोष्टी सांगते. गावागावांत आता मोजकेच नर उरलेत, आणि बाप-लेक, भाऊ-बहीण असे जोड सर्रास लावले जातात. त्यातून पिल्लं अशक्त होतात, वेतं लहान होत जातात. तुमच्या नरासाठी मादी चार गावं ओलांडून शोधा, तिची मागची तीन पिढ्यांची नावं विचारा. मादी दोन वर्षांची असू दे आणि दोन वेतांमध्ये एक माज रिकामा जाऊ दे. दोघांची ब्रुसेलाची रक्ततपासणी आधी. जोड लागल्यावर ती सुटायला वीस-पंचवीस मिनिटंही लागतात. पोरं तेव्हा पाणी ओततात, दगड मारतात, ओढतात. तिथे स्वतः उभे राहा. आणि पिल्लू सशाच्या शिकारीसाठी मागणाऱ्याला देऊ नका, ती शिकार १९७२ च्या कायद्यानं बंद आहे.

दुसरं, कधी कुठल्या कारणानं याला भूल द्यावी लागली, तर डॉक्टरांना ‘कारवान आहे’ हे आधी सांगा. या कुत्र्यांच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते, आणि थायोपेंटोनसारखी जुनी भूल त्यांच्या अंगातून लवकर उतरत नाही. एका तासात उठायचं ते दिवसभर पडून राहतं. आता दुसरी औषधं आहेत.

एक वही घाला. नराचं नाव, मादीचं नाव आणि गाव, जोडाची तारीख, पिल्लं किती, रंग कोणते, कुणाला दिली. त्रेसष्ट दिवसांच्या आसपास ती व्याली की मला एक पोस्टकार्ड टाका.